तोफेच्या कोनाबाहेर

“मामा, हा खेळ खोटा आहे,” असं म्हणून भाच्यानं लॅपटॉप मिटला आणि ताटातली नेवरी उचलली. चतुर्थीचा दुसरा दिवस होता. डिचोलीच्या घराबाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आत समईचा आणि गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या ओल्या माटोळीचा वास भरला होता. आमच्याकडची आरती आटपून मंडळी शेजारच्या घरी गेली होती आणि तिथून घुमट-शामेळाचा ठेका ऐकू येत होता. ताईचा हा मुलगा पुण्याला अकरावीत आहे. वीज सकाळपासून येत-जात होती, मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून नाइलाजानं त्यानं माझ्या लॅपटॉपवरचा ‘फ्रीस्पेस २’ उघडला होता. अंतराळातल्या लढाऊ विमानांचा हा खेळ १९९९ सालचा, म्हणजे त्याच्या जन्माआधीचा. शत्रूची छोटी विमानं त्यानं पटापट टिपली. मग समोर दोन किलोमीटर लांबीचं जहाज आलं आणि तो नाकासमोर सरळ त्याच्या अंगावर गेला. मेला. परत गेला, परत मेला. “एकटं विमान एवढं मोठं जहाज कसं पाडेल? काहीही दाखवतात.” तेवढ्यात आतून ताईनं पानं घेतल्याची हाक दिली आणि विषय संपला.

त्याच्यापुरता संपला.

माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं. एका जुन्या खेळाची बाजू घेऊन पोराशी भांडावं असं माझं वय नाही. पण माझं पोट मोठ्या जहाजांवर चालतं, आणि मोठ्या जहाजाजवळ लहानशा होडक्यातून जायचं म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. मुरगाव बंदरात मी ड्राफ्ट सर्व्हेचं काम करतो. जहाजात किती माल चढला हे कुठल्या काट्यावर मोजता येत नाही. जहाज पाण्यात किती खाली बसलं यावरून ते काढायचं असतं. त्यासाठी लाँच, म्हणजे छोटी मोटारबोट, घेऊन जहाजाभोवती फिरायचं आणि नाळीपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, मध्यावर, पिछाडीला, असे दोन्ही कुशींवर रंगवलेले आकडे वाचायचे. आकडा दहा सेंटिमीटर उंच, वर तेवढीच मोकळी जागा, मग पुढचा आकडा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात बाहेर नांगरावर उभ्या असलेल्या जहाजापाशी लाँच वरखाली होत असते, पाणी आकड्यावर चढतं आणि उतरतं, तांडेल सुकाणू धरून वैतागलेला असतो, डिझेलचा धूर परत आपल्याच तोंडावर येतो. पाणी कुठवर चढलं आणि कुठवर उतरलं ते बघत राहायचं आणि मधला आकडा धरायचा.

दोनापावलाच्या जेटीवरून दिसणारं जहाज आणि लाँचमधून दिसणारं जहाज या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. जेटीवरून त्याला आकार असतो: इथं नाळ, तिथं ब्रिज, म्हणजे जहाज चालवतात ती उंचावरची खोली, मधे क्रेन. जवळ गेलं की आकार नाहीसा होतो आणि नुसती भिंत उरते. गंजाचे ओघळ, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली कालवं, कुठूनतरी सतत पडणारी पाण्याची धार, आणि पत्र्याच्या आतून येणारी जनरेटरची घरघर, जी कानापेक्षा छातीला जास्त कळते. पुढे किती आहे, मागे किती राहिलं, काही समजत नाही. आपण हलतोय की ते हलतंय हेही क्षणभर कळत नाही. नव्या पोरांना पहिल्यांदा घेऊन गेलो की ती मान वर करून बघत राहतात आणि आकडे वाचायचे विसरतात. मग शिडीनं वर चढायचं, मुख्य अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये कॉफी घ्यायची, कागद भरायचे. कधी ब्रिजवर जायची वेळ आलीच तर मी एक गोष्ट हमखास करतो. आत्ता ज्या लाँचमधून आलो ती वरून शोधतो. बहुतेक वेळा ती सापडत नाही. जहाजाच्या कुशीला इतकी चिकटून उभी असते की वरच्या माणसाच्या दृष्टीनं ती नाहीच.

पुढच्या बाजूला तर हे अजून जास्त. माल वाहणाऱ्या जहाजांचा ब्रिज पिछाडीला असतो, नाळ दीड-दोनशे मीटर पुढे. त्या नाळीच्या पुढ्यातलं पाणी ब्रिजवरून दिसतच नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनीही हे गृहीत धरलं आहे. जहाजाची लांबी दुप्पट करून येईल ते किंवा ५०० मीटर, यांत जे कमी असेल तेवढं पाणी पुढे झाकलेलं चालतं. दोनशे मीटरच्या जहाजापुढे म्हणजे चारशे मीटर आंधळं पाणी. वास्कोच्या खारीवाड्यातल्या किती होड्या त्यात मावतील याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मासे मारणाऱ्यांना हे नियम न वाचता ठाऊक असतं. ती माणसं जहाजाच्या नाळीपुढून कधी जात नाहीत, आणि वारा चुकवायचा असेल तर बिनधास्त त्याच्या कुशीला येऊन थांबतात.

हा खेळ माझ्याकडे आला तेव्हा मी या कामात नवा होतो. जहाजावर नोकरी करणारा एक मित्र सिंगापूरहून येताना खोकंभर सीडी घेऊन आला होता, त्यात हा एक. वास्कोच्या भाड्याच्या खोलीत, दिवसभर जहाजाभोवती फिरून आल्यावर, रात्री मी पुन्हा जहाजांभोवती फिरायला बसायचो. बायको हसायची. शत्रूचं नाव त्यात ‘शिवन’ आहे, शंकराच्या संहारक रूपावरून ठेवलेलं. आईला ते कधी कळू दिलं नाही. खेळाची सगळी गंमत मोठ्या जहाजांत आहे. आधीच्या बऱ्याच खेळांत मोठं जहाज म्हणजे नुसतं मागे लटकवलेलं चित्र वाटायचं. इथं त्यांना वजन होतं. त्यांच्या बीम, म्हणजे किरण सोडणाऱ्या, तोफा सुटण्याआधी तोंडाशी उजेड गोळा होतो, एक चढत जाणारा आवाज येतो, आणि मग लाल रेघ अख्खा पडदा चिरून जाते. ती रेघ तुमच्यासाठी नसते. ती दुसऱ्या मोठ्या जहाजासाठी असते, तुम्ही मधे आलात तर तो तुमचा प्रश्न. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चिडलो नव्हतो. मला ते फार खरं वाटलं होतं.

भाचा पुण्याला परत गेल्यावर मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला लागलो. लांबलचक. त्याचं उत्तर यायचं ‘ओके’. पण खेळ त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर चढवून घेतला होता, एवढं मला ताईकडून कळलं होतं. या खेळाचा सोर्स कोड कंपनीनं २००२ साली खुला केला आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक तो नव्या यंत्रांवर चालता ठेवत आले आहेत. त्यामुळे पंचवीस वर्षांनी मामा-भाचे एकाच जहाजावर हल्ला करू शकतात. मी लिहिलं, जहाज दिसलं की लगेच निघू नकोस. लांब थांब आणि त्याच्याभोवती एक फेरी मार. प्रत्येक तोफेला तिचा एक कोन असतो, त्याबाहेर ती वळू शकत नाही. पाठीवरची तोफ पोटाखाली बघत नाही. बऱ्याच जहाजांच्या पिछाडीला इंजिनं एवढी जागा खातात की तोफा बसवायला फारसं काही उरत नाही. अंगावर जायचं ते तिथून. आणि जायचं तर अगदी अंगाला चिकटून. हजार मीटरवर तू दहा तोफांना दिसतोस; पन्नास मीटरवर, पत्र्याला घासत गेलास, तर दोन-तीन तोफांना, आणि त्याही तुझ्यावर नेम धरेपर्यंत तू पुढे गेलेला असतोस.

मग तोफांचा क्रम. दिसेल ती फोडत सुटायचं नाही. साध्या गोळ्या टाकणाऱ्या तोफा सोडून द्यायच्या, थोडं आडवंतिडवं उडलं की त्या चुकतात, कारण तू सरळ एकाच वेगानं जाशील असं धरून त्या नेम लावतात. खरा त्रास दोघांचा. एक फ्लॅक, ती तुझ्या आसपास स्फोट करते, विमान हादरतं आणि नेम सुटतो. दुसरी विमानविरोधी छोटी बीम, तिला चुकवणं असं काही नसतंच, सुटली की लागलीच. आधी या दोघी. दुरून मारता येत असेल तर दुरून. आपल्या विमानाच्या ‘मॅक्सिम’ तोफेचा पल्ला जहाजावरच्या बऱ्याच टरेटपेक्षा, म्हणजे फिरत्या तोफांपेक्षा, लांब जातो, ती घेऊन कोनाबाहेर उभं राहायचं आणि शांतपणे एकेक दिवा विझवायचा. कंटाळवाणं काम आहे. सोबतच्या विमानांनाही हुकूम देता येतो, जहाज निःशस्त्र करा, किंवा इंजिनं मोडा, किंवा मला सांभाळा. बहुतेक लोक हुकूम देतच नाहीत, सगळं एकट्यानं करायला जातात. भाच्याचं नेमकं तेच चाललं होतं. कमांडच्या यादीत बोट घालायचा त्याला कंटाळा.

एवढं झाल्यावर बॉम्ब.

आणि इथं खेळ खरा अवघड होतो. मोठ्या जहाजाच्या कातडीला विमानाच्या तोफांनी फारसं काही होत नाही, बॉम्बच लागतात. बॉम्ब सोडायच्या आधी नेम पक्का व्हावा लागतो आणि त्यासाठी काही सेकंद नाक लक्ष्यावर धरून सरळ उडावं लागतं. आतापर्यंत जे जे करू नकोस म्हणून सांगितलं, वेग बदल, आडवा हो, सरळ जाऊ नकोस, ते सगळं या काही सेकंदांत बाजूला ठेवायचं. पडद्यावरचा छोटा त्रिकोण चौकटीकडे सरकत असतो, टिक टिक वाजत असतं, शील्ड, म्हणजे विमानाभोवतीचं संरक्षक कवच, उतरत असतं, आणि हात थरथरला तर त्रिकोण पुन्हा मागे. शिवाय बॉम्ब हळू जातो आणि वाटेत त्याला पाडता येतं. दूरून सोडला तर पोचत नाही, जवळून सोडला तर त्याच्याच धक्क्यात आपण. म्हणून आधीची सगळी कंटाळवाणी कामं. त्या दिशेच्या तोफा मेलेल्या असल्या तरच हे सरळ उडणं परवडतं. यात एक बारीक युक्ती आहे जी बऱ्याच जणांना उशिरा सुचते: बॉम्बला विमानाची वीज लागत नाही. तेव्हा आत जाताना तोफांकडची सगळी वीज काढून शील्ड आणि इंजिनाकडे वळवायची. की-बोर्डवर तीन जोड्या आहेत त्यासाठी, इन्सर्ट-डिलीट, होम-एंड, पेजअप-पेजडाउन. माझी बोटं आजही ऑफिसमध्ये एक्सेल शीट उघडलं की त्या बटनांवर जातात.

हे सगळं वाचून त्यानं पहिल्यांदा ‘ओके’च्या पलीकडे काही लिहिलं. “पण मामा, मग जहाज पडतं कधी?”

चांगला प्रश्न होता. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कामातही होतो, पण डोक्यात तेच होतं. शेवटी लिहिलं की तू ज्याला खोटं म्हणालास ते हा खेळ मुळात सांगतच नाही. १९९८ च्या पहिल्या ‘फ्रीस्पेस’मध्ये ‘ल्युसिफर’ नावाचं जहाज आहे. त्याच्या शील्डवर कशाचाच परिणाम होत नाही. खेळाचा बराच भाग तुम्ही त्याच्यापासून पळत असता. शेवटी कळतं की एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना, सबस्पेसच्या बोगद्यात, शील्ड चालत नाहीत. म्हणून त्याच्या मागोमाग त्या बोगद्यात शिरायचं आणि त्याचे पाच रिअ‍ॅक्टर फोडायचे. त्या जगातलं सगळ्यात मोठं जहाज, आणि ते उघडं पडतं फक्त प्रवासात असताना. जहाज पडतं, पण त्या स्फोटात बोगदाही कोसळतो आणि पृथ्वीची वाटच तुटते. दुसऱ्या भागात तर याहून पुढची गोष्ट आहे. ‘सथानस’ नावाचं अजस्र जहाज येतं आणि तुम्हाला काम काय मिळतं, तर त्याच्या पुढच्या अंगावरच्या चार मोठ्या बीम तोफा मोडायच्या. बस. पाडायचं नाही, पडणारही नाही. त्याला पाडणार आहे आपल्या बाजूचं ‘कोलोसस’, जे बांधायला वीस वर्षं लागली, ते पुढच्या मिशनमध्ये समोर येतं तेव्हा. तुम्ही जेवढ्या तोफा शिल्लक ठेवाल तेवढा मार कोलोसस खाणार. म्हणजे पायलटनं जीव धोक्यात घालून करायचं ते एवढंच, दुसऱ्या कुणाच्या लढाईची तयारी.

मला यात खूप वर्षं काहीतरी खटकायचं. एवढं करून शेवटचा घाव दुसऱ्याचा? आता खटकत नाही, किंवा वेगळ्या तऱ्हेनं खटकतं. प्रत्यक्षातही असंच घडत आलं आहे. २६ मे १९४१ च्या संध्याकाळी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू जहाजावरून स्वोर्डफिश विमानं उडाली, कापडानं मढवलेले दुहेरी पंख, उघडी कॉकपिट, त्या काळातही जुनाट वाटणारी. त्यांनी ‘बिस्मार्क’ बुडवलं नाही. एक टॉर्पेडो पिछाडीला लागला आणि सुकाणू अडकून बसलं. तोफा शाबूत, इंजिनं शाबूत, पण जहाज मनासारखं वळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिशांची मोठी जहाजं आली आणि त्यांनी बाकीचं केलं. पुस्तकांत फोटो त्या मोठ्या जहाजांचेही असतात, पण मी नेहमी त्या संध्याकाळच्या खराब हवेत खाली पाण्याला टेकून सरळ उडणाऱ्या वैमानिकाचा विचार करतो. टॉर्पेडोलाही सरळ उडावंच लागतं. तेच काही सेकंद.

आणि एवढं लांब तरी कशाला जा. आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या मोठ्या जहाजांशी कसं लढायचं ते इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना रांगेत. आंग्र्यांच्या गुराबांच्या, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांच्या, मोठ्या तोफा नाळीत, सरळ पुढे रोखलेल्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत. तिथं त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत. तिथून मारा करायचा तो जहाजाच्या अंगावर, त्या काळच्या फळ्यांवर, नव्हे, तर डोलकाठ्यांवर आणि शिडांवर. जहाज लुळं पडलं की मग गलबतं चहूकडून भिडायची आणि माणसं वर चढायची. आधी फेरी, मग कोन, मग इंजिन, मग हातघाई. हे मी भाच्याला लिहिलं तेव्हा त्याचं उत्तर जरा लगेच आलं: “हे शाळेत का नाही सांगत?” शाळेत सांगतात. आरमार म्हटलं की किल्ले आणि सनावळ्या सांगतात. कोन सांगत नाहीत.

आमच्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर १८ डिसेंबर १९६१. भर दुपारी मुरगावच्या तोंडाशी पोर्तुगीजांची ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही युद्धनौका आणि आपल्या नौदलाच्या ‘बेतवा’ व ‘बिआस’ यांची लढाई झाली. इथं लहान विरुद्ध मोठं असं काही नव्हतं, उलट पोर्तुगीज जहाजच म्हातारं होतं. पण ते संपलं कसं ते बघा. आधी कंट्रोल टॉवरला गोळा लागला. मग कप्तान जबर जखमी झाला. मग इंजिनाकडे नुकसान झालं. तेव्हा त्यांनी जहाज वळवलं आणि बांबोळीच्या किनाऱ्यावर नेऊन घातलं. डोळे, डोकं, पाय, या क्रमानं. ते पुढे मोडीत निघालं. पण त्या बाजूनं लाँच गेली की जुने तांडेल अजून हातानं जागा दाखवतात. दोघांनी कधी एकच जागा दाखवलेली मी पाहिली नाही.

तरी भाचा एका बाबतीत बरोबर होता असं मला हळूहळू वाटायला लागलंय. खेळ खोटा आहे, पण तो म्हणाला तिथं नाही. खेळात मोठ्या जहाजाला टक्केवारी असते. चौतीस टक्के, बारा टक्के, शून्य. मग सुंदर स्फोट होतो, आपण आफ्टरबर्नर दाबून लांब पळतो, आणि त्या जागी काही उरत नाही. ओरायन जातीच्या एका जहाजावर दहा हजार माणसं असतात असं खेळच सांगतो. पण त्यांतलं एकही कधी दिसत नाही. मी रोज जहाजांवर चढतो. इंजिनरूममध्ये कानाला बोंडं लावून घामानं निथळत उभी असलेली माणसं मला माहीत आहेत, बाहेर गाठ पडली की आधी फुटबॉलचा स्कोअर विचारणारी, घरच्या पोरीचा फोटो दाखवणारी. खेळात ‘इंजिन सबसिस्टिम’ निवडून मी बॉम्ब सोडतो तेव्हा ती आठवतात असं म्हटलं तर खोटं होईल. खेळताना काही आठवत नाही. नंतर, झोपताना, कधीतरी.

आणि मोठं जहाज मेलं की नाहीसं होतं, हेही खोटं. कांदोळीला ‘रिव्हर प्रिन्सेस’ रुतून बसली होती ती जून २००० पासून. सुमारे २४० मीटरचं जहाज, पावसाळी समुद्रानं किनाऱ्याशी आणून टाकलेलं. त्याच्यावर कुणी तोफ डागली नव्हती, वाळूनंच धरलं. ते काढायला दहा वर्षांहून जास्त लागली. कागद निघाले, निविदा निघाल्या, तुकडे कापले गेले, दर पावसाळ्यात ते थोडं अजून खाली बसायचं. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढायचे. लोक म्हणायचे, त्याच्यामुळे किनारा खचतोय. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. सवयीनं नाळीवरचे आकडे वाचायचा प्रयत्न केला, वाळूत कुठला ड्राफ्ट. असल्या जहाजाचं शून्य टक्के नक्की कधी होतं, कुणास ठाऊक.

भाचा आता माझ्यापेक्षा बरा खेळतो, हे कबूल करायला मला जड जातं असं नाही. सथानसच्या चारही तोफा त्यानं मोडल्या, मी तीनवरच समाधान मानत आलोय. पण त्याची पद्धत मला आवडत नाही. त्यानं ‘ट्रेबुशे’ क्षेपणास्त्रं शोधून काढली आहेत, लांब पल्ल्याची. जमेल तिथं तो तीच भरतो, कोनाबाहेर थांबतो, एकेक टरेट संपवतो, संपली की सपोर्ट शिप बोलावून नवी भरून घेतो, पुन्हा तेच. जहाजाच्या जवळ जातच नाही. “कशाला जायचं, मामा?” विचारतो. हिशेबानं त्याचं बरोबर आहे. मीच त्याला कोन शिकवले. पण दोन किलोमीटरच्या जहाजाच्या पोटाखालून, पत्र्याला घासत, खिडक्यांचे दिवे डोक्यावरून मागे पळत असताना, पुढची तोफ वळायच्या आत पलीकडे निसटायचं, यात जे काही आहे ते ट्रेबुशेमध्ये नाही. शिवाय बॉम्ब टाकायची वेळ आली की जवळ जावंच लागेल, आणि तेव्हा याला सरावच नसणार. काल त्याला एवढंच लिहिलं: बॉम्ब सुटल्यावर मागे वळू नकोस, सगळे तिथंच मरतात. वळताना वेग जातो आणि अख्खी कूस तोफांसमोर येते. सरळ पुढे, अंगाला धरून, इंजिनांपर्यंत जा. त्यांच्या पलीकडे गेल्यावर मग हवं तिकडे वळ. उत्तर आलं, “ओके.” पाठोपाठ दुसरा मेसेज, “पण मी वळणारच नाही, मी तिकडे जाणारच नाहीये.”